सोलापूरची रिट कोल्हापुरात: शासनाला पक्षकार करताना

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शासनाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं असेल तर १८ ऑगस्ट २०२५पासून त्याची फाईल मुंबईऐवजी कोल्हापूरला जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर न्यायाधीश जिथे बसतात ते पीठ, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. चारशे किलोमीटरचा प्रवास सांगोला-मिरज मार्गे सव्वादोनशेच्या आसपास आला. गाडीभाडं वाचलं, मुंबईतला मुक्काम वाचला. याचिका मात्र जिथे आधी अडायची तिथेच अजूनही अडते. तुमचा मुद्दा किती बळकट आहे ते न्यायाधीश पुढे बघतील. त्याआधी समोर नेमकं कोण आहे, त्याच्या वतीने कोण उभं राहणार आणि हा वाद याच बेंचचा कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर असावी लागतात.

पक्षकार येतो तेव्हा हातात बहुधा एकच कागद असतो, शेवटचा आदेश. त्यावरून काही ठरत नाही. आदेश कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली झाला आणि त्यावर अपील आहे का, हे आधी काढायचं. फेरफाराच्या वादात जमीन महसूल संहितेच्या कलम २४७चं अपील आणि कलम २५७चं पुनरीक्षण शिल्लक असताना थेट रिट, म्हणजे संविधानाच्या कलम २२६खालची याचिका, उच्च न्यायालयात लावली, तर पहिल्याच तारखेला 'पर्यायी उपाय उपलब्ध' म्हणून ती परत येते. मधले काही महिने गेलेले असतात आणि अपिलाची मुदतही उलटलेली असते. अपवाद आहेत. व्हर्लपूल प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितले: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकार नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. यातला कोणता अपवाद आपल्याला लागू होतो ते याचिकेत स्वतंत्र परिच्छेदात लिहा. 'नोटीसच मिळाली नाही' असं म्हणायचं असेल तर त्या कार्यालयाच्या रोजनाम्याची, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीची, नक्कल जोडा. नुसत्या म्हणण्याला किंमत नसते.

नोकरीच्या तक्रारीत तर अर्धे लोक चुकीच्या दारात उभे असतात. तलाठी राज्य शासनाचा कर्मचारी, म्हणून त्याने आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जायचं. सोलापूरकरांसाठी ते मुंबईत. ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे, म्हणून ते मॅटमध्ये जाऊच शकत नाहीत, त्यांचा रस्ता उच्च न्यायालयाचा. एकाच गावात, एकाच चावडीवर बसणाऱ्या दोघांची न्यायालयं वेगळी. मॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, म्हणजे दोन न्यायाधीशांपुढे, जाता येतं, हे एल. चंद्रकुमार प्रकरणात १९९७ साली ठरलं. पण मॅट वगळून थेट जाता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. लोकांना पहिला भाग पाठ असतो.

काही वेळा रिटपेक्षा दिवाणी दावाच बरा, विशेषतः जिथे साक्षीपुरावा लागणार आहे तिथे. शासनाविरुद्धचा दावा म्हटला की दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० आलं. दोन महिन्यांची लेखी नोटीस, आणि राज्य शासनाच्या बाबतीत ती शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. तहसीलदाराला दिलेली नोटीस ही शासनाला दिलेली नोटीस होत नाही. रेल्वेविरुद्ध दावा असेल तर नोटीस महाव्यवस्थापकांना जाते. सोलापुरातलं मंडल कार्यालय कितीही जवळ असलं तरी तिथे टाकून भागत नाही. नोटिशीत नाव, पत्ता, दाव्याचं कारण आणि मागणी या चारही गोष्टी हव्यात, आणि पुढे दाव्यातली मागणी नोटिशीतल्या मागणीशी जुळायला हवी. नोटिशीत फक्त मोजणीची तक्रार आणि दाव्यात नुकसानभरपाई, असं झालं की जिल्हा सरकारी वकील तिथेच बोट ठेवतात. तातडी असेल तर कलम ८०(२)खाली परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो, पण मग शासनाला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय अंतरिम हुकूम मिळत नाही. परवानगीचा अर्ज दाव्यासोबतच द्यायचा. २००५ साली सेलम बारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ८०च्या नोटिशीला उत्तर देणं शासनाने गांभीर्याने घ्यावं असं बजावलं होतं. उत्तरं अजूनही क्वचितच येतात. न आलेलं उत्तर मात्र खर्चाच्या मागणीसाठी उपयोगी पडतं, म्हणून पोचपावती सांभाळावी.

महसुली अधिकाऱ्याच्या कृतीविरुद्ध दावा असेल तर आणखी एक जुना कायदा आडवा येतो, १८७६चा महसूल अधिकारिता कायदा. त्याच्या कलम ११नुसार महसुलातली अपिलं संपवल्याशिवाय शासनाविरुद्धचा दावा ऐकला जात नाही. दीडशे वर्षांचा झाला तरी तो रोज वापरात आहे.

रिटला कलम ८० लागत नाही. त्यामुळे बरेच जण समजतात की शासनाला आगाऊ काहीच सांगायचं नाही. प्रत्यक्षात तिथे जास्तच सांगावं लागतं, फक्त सांगण्याची जागा बदलते.

प्रतिवादी क्रमांक १ म्हणजे महाराष्ट्र शासन. ते नुसतं लिहून चालत नाही, विभाग लिहावा लागतो: 'महाराष्ट्र शासन, सचिव, महसूल व वन विभाग, मंत्रालय, मुंबई यांचेमार्फत', आणि त्याखाली प्रत कोल्हापूर बेंचच्या सरकारी वकील कार्यालयात द्यायची असल्याची ओळ. विभाग चुकला की कागद भलत्या कार्यासनाकडे जातो आणि तिथून 'हा विषय या विभागाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत फिरतो. यात दोन-तीन तारखा सहज जातात. शाळेच्या अनुदानाचा विषय शालेय शिक्षण विभागाचा, आश्रमशाळेचा असेल तर ती कुणाची आहे ते बघून आदिवासी विकास किंवा इतर मागास बहुजन कल्याण विभागाचा. पाटबंधाऱ्याच्या भूसंपादनात तर जलसंपदा आणि महसूल दोघंही लागतात. त्यानंतर जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार. हे सगळे शासनाचेच, आणि त्यांच्या वतीने एकच सहायक सरकारी वकील उभे राहतात. न्यायालयात सगळे त्यांना 'एजीपी' म्हणतात.

महापालिका, जिल्हा परिषद, महावितरण, म्हाडा, विद्यापीठ, बाजार समिती ही मात्र शासन नव्हेत. कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेल्या संस्था आहेत, प्रत्येकीचे पॅनेलवरचे वकील वेगळे. एजीपींच्या कार्यालयात सहा प्रती देऊन शिक्का घेतला आणि महापालिकेवरही नोटीस बजावली असं समजून गाडी पकडली, हे फार वेळा घडतं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, प्रकरण आलं की एजीपी उभे राहतात, 'प्रतिवादी १ ते ३ तर्फे' एवढंच सांगतात आणि चौथ्याच्या वेळी कोर्टरूममध्ये शांतता. मग न्यायालय नोटीस काढतं, हमदस्ताची, म्हणजे नोटीस स्वतः नेऊन बजावण्याची, परवानगी देतं, आणि तुम्ही ती घेऊन पुन्हा सोलापूरला. हे टाळायचं असेल तर दाखल करायच्या आधीच त्या संस्थेच्या विधी शाखेत पूर्ण संच देऊन आवक शिक्का घ्या आणि पॅनेलवरचे वकील कोण आहेत ते विचारून त्यांनाही एक प्रत द्या. बजावणीचं प्रतिज्ञापत्र करताना त्या शिक्क्याचं पान जोडलं की काम झालं.

खासगी वाद महसुलातून वर आलेला असेल, म्हणजे भावाभावांचा फेरफार किंवा बांधावरचा रस्ता, तर खरा विरोधक भाऊ असतो. शासन केवळ औपचारिक पक्षकार. एजीपी अशा प्रकरणात बहुधा 'न्यायालय देईल तो आदेश' या भूमिकेत असतात. म्हणून भावावरच्या बजावणीकडे आधी लक्ष द्यायचं.

संच तयार करताना क्रम असा: अनुक्रमणिका, सारांश, तारखांची यादी, याचिका, पडताळणी, वकीलपत्र, पत्त्याचा मेमो, मग जोडपत्रं. आव्हान दिलेल्या आदेशाची प्रमाणित नक्कल हवी. झेरॉक्सवर दाखल केली तर सवलतीचा अर्ज लागतो. संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, आणि आपले सातबारे, पंचनामे, जबाब मराठीत. ज्या मराठी कागदावर सगळा मुद्दा उभा आहे त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. हस्तलिखित फेरफाराचं पान फिकट असेल तर टाईप केलेली प्रत जोडावी लागते. कार्यालय सर्वांत जास्त हरकती याच दोन गोष्टींवर काढतं, तिसरी हरकत पृष्ठांकनाची. प्रती मोजताना खंडपीठापुढचं प्रकरण असेल तर न्यायाधीशांसाठी दोन संच, एकल न्यायाधीशांपुढचं असेल तर एक, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक, आणि आपली ऑफिस कॉपी. सगळ्यांचे पान क्रमांक एकच असले पाहिजेत. एजीपींच्या संचात पान ४७ वेगळं आणि न्यायाधीशांच्या संचात वेगळं असेल तर युक्तिवादाची पाच मिनिटं पान शोधण्यात जातात, आणि दाखलपूर्व सुनावणीला मुळात तेवढीच मिळतात.

प्रकरण खंडपीठाकडे की एकल न्यायाधीशांकडे, हे अपील शाखा नियम १९६०च्या प्रकरण १७मधला नियम १८ बघून ठरवायचं. कूळकायदा, सहकारी संस्था कायदा अशा तिथे दिलेल्या कायद्यांखालच्या आदेशांवरच्या याचिका एकल न्यायाधीशांपुढे जातात. दिवाणी न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध जायचं असेल तर शीर्षकात कलम २२६ घालू नका. राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या २०१५च्या निकालानंतर तिथे फक्त २२७, म्हणजे खालच्या न्यायालयांवरच्या देखरेखीचं कलम, चालतं.

दाखल झाल्यावर आधी स्टँप नंबर पडतो. हरकती दूर झाल्या की नोंदणी होऊन पक्का क्रमांक मिळतो. मधल्या काळात हरकतींकडे दुर्लक्ष झालं तर सशर्त आदेश होतो आणि दिलेल्या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास याचिका आपोआप खारीज होते. सोलापूरच्या वकिलाने कोल्हापुरात हरकती बघायला कुणीतरी धरून ठेवणं म्हणूनच आवश्यक.

आता एजीपींचं काम कसं चालतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण निम्म्या तारखा तिथल्या चक्रात जातात. तुमची प्रत सरकारी वकील कार्यालयात गेली की तिला तिथला क्रमांक पडतो आणि ती एखाद्या एजीपींकडे सोपवली जाते. ते संबंधित विभागाला पत्र लिहितात: परिच्छेदनिहाय शेरे पाठवा, मूळ अभिलेखासह माहितगार अधिकारी पाठवा. पत्र मंत्रालयात गेलं तर ते कार्यासन अधिकारी, पुण्याचे विभागीय आयुक्त, सोलापूरचे जिल्हाधिकारी, प्रांत अशा पायऱ्या उतरत तहसीलदाराच्या टपालात पडतं. शेवटी शेरे लिहिणारा बहुधा तोच लिपिक असतो ज्याने मूळ टिप्पणी लिहिलेली असते. शेरे आल्याशिवाय एजीपी बोलू शकत नाहीत. 'इन्स्ट्रक्शन घेतो' म्हणून वेळ मागतात, आणि न्यायालय एकदा तरी देतंच. यात त्यांचा आळस काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात तुमच्या याचिकेशिवाय काहीच नसतं.

यावर चालणारा इलाज असा. प्रत एजीपी कार्यालयात दिल्याच्या दिवशीच एक संच, ज्याच्या आदेशाला आव्हान आहे त्या सोलापूरच्या कार्यालयात थेट द्यायचा, वर पत्र जोडून: स्टँप नंबर, दिलेली तारीख, आव्हान दिलेल्या आदेशाचा क्रमांक आणि त्या कार्यालयाचा फाईल क्रमांक. फाईल क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. आवक शिक्का घेतलेली ही प्रत पहिल्या तारखेला एजीपींना दाखवली की पुढची तारीख महिन्याऐवजी आठवड्याची पडते. अंतरिम स्थगिती मागायची असेल तर सरकारी वकिलांना प्रत दोन-तीन कामाचे दिवस आधी गेलेली असावी. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न तोच असतो. पाडकाम उद्या सकाळी आहे असं कारण असेल तर प्रेसिपे, म्हणजे तातडीच्या सुनावणीची लेखी विनंती, देऊन मेन्शनिंग, म्हणजे न्यायाधीशांपुढे तोंडी उल्लेख, करता येतं. त्यात तातडी दोन ओळींत आणि तारखेसह लिहायची. 'अपरिमित नुकसान होईल' या वाक्यावर सर्क्युलेशन, म्हणजे लवकरची सुनावणी, मिळत नाही, नोटिशीवरच्या चोवीस तासांच्या मुदतीवर मिळतं.

एजीपी हे शासनाचे नोकर नव्हेत. ते वकिली करणारेच, महाराष्ट्र विधी अधिकारी नियम १९८४खाली ठरावीक मुदतीसाठी नेमलेले, प्रकरणागणिक किंवा दिवसागणिक फी घेणारे. त्यांच्यावर सरकारी वकील, आणि सगळ्यांच्या वर महाधिवक्ता. कागद पुरवणारा विधी व न्याय विभाग मंत्रालयात. सरकार बदललं की पॅनेल बदलतं, आणि प्रकरण अर्ध्यात असताना समोरचा माणूस बदलतो. उत्तर प्रदेशातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका फटक्यात काढलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात १९९० साली ते रद्द केलं. २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात राज्यांनी विधी अधिकारी पारदर्शक पद्धतीने निवडावेत असंही सांगितलं. तरी नेमणुकीला राजकीय वारं लागत नाही असं कुणी बाररूममध्ये छातीठोक म्हणणार नाही. आपल्यापुरता धडा एवढाच, की नवे एजीपी आले की त्यांच्या फाईलमध्ये आपला पूर्ण संच आहे का ते तपासायचं. जुन्या फायलीतून पानं गळतात.

महाधिवक्त्यांशी सामान्य याचिकाकर्त्याचा संबंध क्वचित येतो. संविधानाच्या कलम १६५खाली राज्यपाल त्यांना नेमतात, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता लागते आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ते पदावर असतात. विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही. एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ एवढा काळ या पदावर होते, आणि त्याच काळात केशवानंद भारती खटल्यात ते केरळ राज्याच्या बाजूने उभे राहिले. एका राज्याचा महाधिवक्ता दुसऱ्या राज्याची वकिली करू शकतो, पद आणि व्यवसाय यांत एवढी मोकळीक आहे. याचिकेत त्यांचा संबंध येतो तो राज्याच्या कायद्यालाच आव्हान दिलं तेव्हा. मग महाधिवक्त्यांना नोटीस लागते. केंद्राच्या कायद्याला आव्हान असेल तर ती ॲटर्नी जनरलना. दोन्ही कायदे गुंतले असतील तर दोघांनाही, आणि हे विसरलं तर अंतिम सुनावणीच्या दिवशी प्रकरण मागे पडतं.

अधिकारक्षेत्राचा घोळ सोलापुरात जास्त, कारण जिल्हा कडेला आहे. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, पण ते धाराशिव जिल्ह्यात, म्हणून तिथली जमीन औरंगाबाद खंडपीठाची. अक्कलकोट ओलांडलं की कलबुर्गी आणि मंगळवेढ्याच्या खाली विजयपूर, ती कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाची. पुणे जिल्हा अजून मुंबईकडेच. एकाच घरातल्या जमिनी तीन तालुक्यांत असतील तर तीन न्यायालयं होऊ शकतात. साधा नियम असा, की वाद ज्या जिल्ह्यात उद्भवला त्या जिल्ह्याचं बेंच. मंत्र्यांनी मंत्रालयात बसून पुनरीक्षणात आदेश दिला असला तरी जमीन बार्शीची असेल तर आम्ही कोल्हापूरलाच दाखल करतो. याचिकेतल्या अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदात मालमत्ता, मूळ आदेश आणि त्याचा परिणाम हे तिन्ही कोणत्या तालुक्यात ते लिहावं. 'या न्यायालयास अधिकार आहे' एवढ्या ओळीवर कार्यालय थांबवून विचारतं.

ऊस बिलाच्या वादात याची परीक्षा होते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे गाळपाला ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. कारखाना सोलापूर जिल्ह्यातला, वसुलीचा आदेश काढणारे साखर आयुक्त पुण्यात, वसूल करणारे जिल्हाधिकारी पुन्हा सोलापुरात. इथे कोल्हापूर धरायला अडचण नाही, कारण ऊस, कारखाना आणि वसुली तिन्ही जिल्ह्यातच. पण अक्कलकोटच्या शेतकऱ्याने ऊस कर्नाटकातल्या कारखान्याला घातला असेल तर? पूर्वी रिट फक्त अधिकारी जिथे बसतो तिथल्या उच्च न्यायालयातच चालायची. साका वेंकट राव आणि खजूर सिंग या निकालांनी तसं ठरलं होतं. १९६३च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ते बदललं आणि वादाचं कारण अंशतः जिथे घडलं तिथलं उच्च न्यायालयही बाहेरच्या अधिकाऱ्याला आदेश देऊ शकतं, असं झालं. आज ते कलम २२६(२). म्हणजे ऊस अक्कलकोटच्या फडातून उचलला, करार तिथे झाला, तर कोल्हापूरला अधिकार सांगता येतो. तरीही व्यवहार वेगळा सांगतो. कोल्हापुरातले एजीपी महाराष्ट्राचे, त्यांचा कर्नाटक सरकारशी काही संबंध नाही. नोटीस बेंगळुरूला जाणार, तिथून वकील नेमला जाणार, आणि २००४च्या कुसुम इंगॉट्स निकालाच्या आधारे 'कारणाचा किरकोळ भाग इथे, सोयीचं न्यायालय तिकडे' असा आक्षेप येणार. पैसा वसूल करणारा अधिकारी कलबुर्गीत किंवा विजयपुरात बसत असेल तर तिथल्या खंडपीठात जाणं जलद पडतं. अक्कलकोटहून कलबुर्गी कोल्हापूरपेक्षा जवळही आहे. फाईल कन्नडमध्ये असते ही एक अडचण, पण याचिका तिथेही इंग्रजीतच.

दोन राज्यांचा आपसातला वाद मात्र कुठल्याच उच्च न्यायालयाचा नाही. तो कलम १३१खाली थेट सर्वोच्च न्यायालयाचा. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा २००४चा दावा त्याच कलमाखाली आहे. म्हणून 'आमचं गाव कोणत्या राज्यात' अशी याचिका घेऊन येणाऱ्या उत्साही मंडळींना बेंचच्या दारातून परत पाठवावं लागतं.

बेंचबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे सर्किट बेंच राज्य पुनर्रचना कायदा १९५६च्या कलम ५१(३)खाली, मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने सुरू केलेलं आहे. कायम खंडपीठाला कलम ५१(२)खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादची सुरुवातही १९८१ साली ५१(३)खालीच झाली, तिला आव्हान दिलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नारायण शामराव पुराणिक प्रकरणात ती वैध ठरवली.

महामार्गाच्या भूसंपादनात राज्य आणि केंद्र एकाच टेबलावर बसतात. सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी, सोलापूर, अक्कलकोट भागातल्या जमिनी घेण्याची प्रक्रिया राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६खाली, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली. पण मोबदला ठरवणारा सक्षम प्राधिकारी हा राज्याचाच महसूल अधिकारी. मोबदला कमी वाटला तर रिट नाही, कलम ३जी(५)खाली लवाद, आणि केंद्राने नेमलेला लवादही बहुधा महसुलातलाच वरिष्ठ अधिकारी. लवादाच्या निवाड्यावर लवाद कायद्याच्या कलम ३४खाली जिल्हा न्यायालयात, तीन महिन्यांत. त्यावर फार तर तीस दिवसांची सवलत, त्यानंतर एक दिवसही नाही. इथे लोक सर्वाधिक नुकसान करून घेतात. संघटनेची सामुदायिक रिट होणार म्हणून वाट बघत बसतात आणि कलम ३४ची मुदत जाते. सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम आणि व्याज महामार्गाच्या संपादनातही मिळतं, हे तरसेम सिंग प्रकरणात २०१९ साली ठरलं आहे. पण ते लवादापुढे मागावं लागतं.

संपादनालाच आव्हान असेल तर रिट खंडपीठापुढे, आणि तिथे प्रती तीन ठिकाणी: भूसंपादन अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांसाठी एजीपी, भारत सरकारसाठी केंद्राचे पॅनेल वकील, आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी त्यांचे स्वतंत्र वकील. तिघांपैकी एकाने जरी 'प्रत मिळाली नाही' म्हटलं तर स्थगितीचा विषय पुढे. भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी विमा आणि रेल्वे यांच्या बाबतीतही हेच. विडी कारखान्याचा किंवा यंत्रमागाचा निधीचा वाद सोलापूरच्याच कार्यालयाविरुद्ध असला तरी ते कार्यालय केंद्राचं, एजीपींचा तिथे काही संबंध नाही.

फौजदारीत शासनाची बाजू मांडणारे वेगळे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८खाली उच्च न्यायालयासाठीचे सरकारी अभियोक्ते राज्य शासन उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नेमतं. जिल्ह्यात नावांची यादी जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने करतात, सात वर्षांची वकिली लागते. विशेष अभियोक्त्याला दहा वर्षं. दंडाधिकारी न्यायालयात उभे राहणारे सहायक अभियोक्ते मात्र लोकसेवा आयोगातून आलेले कायम कर्मचारी. निर्दोष सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचं की नाही हे अभियोक्ता स्वतः ठरवत नाही, शासन ठरवतं, आणि तपास केंद्राच्या यंत्रणेचा असेल तर केंद्र. फिर्यादीचे नातेवाईक जिल्हा सरकारी वकिलांच्या केबिनबाहेर 'अपील करा' म्हणून बसतात, त्यांचा अर्ज खरं तर विधी व न्याय विभागाकडे जायला हवा.

याचिका मंजूर झाली की एजीपींचं काम संपतं आणि पक्षकाराचं सुरू होतं. आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः संबंधित कार्यालयात द्या, शिक्का घ्या. आदेशात 'प्रत मिळाल्यापासून आठ आठवड्यांत' असं असेल तर मुदत त्या शिक्क्यापासून मोजली जाते. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत देऊन मुदत सुरू झाली असं समजू नका, आदेशात तसं स्पष्ट म्हटलेलं असेल तरच ती चालते. मुदत उलटून आदेश पाळला नाही तर अवमान याचिका, आणि तीही अवमान झाल्यापासून एका वर्षाच्या आत, १९७१च्या कायद्याच्या कलम २०प्रमाणे. महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते ती फौजदारी अवमानाला, आदेश न पाळण्याच्या दिवाणी अवमानाला लागत नाही. तरी संमतीसाठी अर्ज करून ते वर्ष घालवणारे पक्षकार दिसतात. अवमान याचिकेत पदनामाऐवजी अधिकाऱ्याचं नाव घालावं लागतं. मुदत संपली त्या दिवशी त्या खुर्चीत कोण होतं हे माहितीच्या अधिकारात तारखेसह काढून ठेवा. बदलीनंतर आलेल्या अधिकाऱ्याला पक्षकार केलं तर तो पहिल्याच तारखेला रुजू झाल्याचा अहवाल दाखवून मोकळा होतो.